येणारे बोलतात, नोंदवही गप्प राहते : बडोद्यातील एका छोट्या इतिहास संग्रहालयाचे कार्यक्रम

बडोद्यात कोणालाही ‘म्युझियम’ कुठे आहे असे विचारले, तर तो कमाटी बागेचाच रस्ता दाखवील. सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या आणि १८९४ साली खुल्या झालेल्या त्या संग्रहालयात आपण सगळेच लहानपणी इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहून आलो आहोत, आणि पुढे पाहुणे आले की त्यांनाही तेच दाखवीत आलो आहोत. तिथे जगाचा पसारा मांडलेला आहे. मांडवीतल्या एखाद्या घरात शंभर वर्षांपूर्वी दळण, दागिना आणि देणे-घेणे कसे चालत होते, ते मात्र तिथे सापडत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी धरू नये. ते काम जुन्या शहरातील एका वाड्यात, तळमजल्याच्या तीन खोल्यांत आणि माडीवरच्या एका दालनात, एक लहानसा न्यास करतो आहे. गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या बहुतेक सर्व कार्यक्रमांना मी हजर राहिलो, त्याचा हा वृत्तांत.

संग्रहालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पाच-सात स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या या संस्थेच्या उणिवा मी संबंधितांना समोरासमोर सांगितल्या आहेत. चार लोकांत नाव घेऊन त्या उगाळाव्यात असे वाटत नाही. जुन्या शहरात राहणाऱ्यांना पत्ता वेगळा सांगावा लागणार नाही.

खोल्यांमधल्या वस्तू, खरे सांगायचे तर, अर्ध्या तासात पाहून होतात. वजने-मापे, आखाड्यातल्या मुद्गलांच्या दोन जोड्या, दुकानांच्या पाट्या, शाळेची जुनी पुस्तके आणि भिंतीभर छायाचित्रे एवढाच ऐवज आहे. या जागेचा जीव तिच्या कार्यक्रमांत आहे, म्हणून परीक्षणही त्यांचेच करणे योग्य.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मांडवीपासून पदभ्रमण निघते. लहेरीपुरा दरवाजातून बाहेर पडून न्यायमंदिरापर्यंत आणि तिथून सूरसागराच्या काठापर्यंत जायचे, असा साधारण दीड तासाचा क्रम असतो. मार्गदर्शक तरुणाची तयारी चांगली आहे. न्यायमंदिराची इमारत वास्तुविशारद चिझम यांनी मुळात बाजारपेठ म्हणून आखली होती, १८९६ साली ती खुली झाली तेव्हा तिच्यात न्यायालय भरू लागले, आणि २०१८ मध्ये न्यायालय नव्या इमारतीत गेल्यावर ती रिकामी झाली, हे त्याने इतक्या नेमकेपणाने सांगितले की माझ्या शेजारी उभे असलेले एक निवृत्त वकील, ज्यांनी त्या इमारतीत उमेदीची वर्षे घालवली, त्यांनाही बाजाराची गोष्ट नवी होती. या इमारतीला ज्यांचे नाव आहे त्या चिमणाबाई, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या. १८८० साली त्या लग्न होऊन बडोद्यात आल्या आणि त्यांच्यासोबत तंजावरचे नर्तक-वादकही दरबारी आले, हा धागाही त्याने तिथेच जोडून दिला. पायरीवर बसून ऐकण्याजोगी ही दहा मिनिटे होती.

त्यानंतर मात्र त्याने राजवाड्यापर्यंत जाणाऱ्या भुयाराची गोष्ट त्याच सुरात, त्याच खात्रीने सांगितली. जुन्या शहराला भुयार असतेच. ज्याला नाही त्याला लोक देतात. ती गोष्ट सांगू नये असे माझे म्हणणे नाही, उलट ती जरूर सांगावी, पण ऐकीव म्हणून सांगावी. साल-तारखेसह दिलेली माहिती आणि पारावरची गप एकाच पत्रावळीवर वाढली, तर ऐकणारा दोन्ही सारख्याच चवीने खातो. शिवाय चाळीस माणसांच्या घोळक्याला मांडवीच्या रहदारीत बिनमाईकचा आवाज पुरत नाही. मागच्या पंधरा-वीस जणांनी त्या दिवशी मुख्यतः रिक्षांचे हॉर्न ऐकले.

व्याख्यानांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विषय बरे असतात. परंतु प्रास्ताविक, परिचय, शाल आणि श्रीफळ यांतच पाऊण तास जातो आणि वक्त्याला घड्याळ दाखवले जाते. मुलांच्या सुटीतल्या शिबिरात कागदाचे फेटे आणि मातीची नाणी झकास झाली. नाण्यावर काय असते आणि का असते, तेवढे राहिले. माझ्या नातवाला शिबिर अतिशय आवडले, हेही नोंदवले पाहिजे.

आता मोडीच्या वर्गाकडे वळतो. सहा रविवार, रोज दोन तास, तीनशे रुपये शुल्क, आणि बोरू व शाई संस्थेकडून. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांचा शिकवण्याचा क्रम शहाणपणाचा आहे. आधी पानभर शिरोरेषा आखून घेतात, मग त्या रेषेला अक्षरे टांगत हात न उचलता लिहायला लावतात. त्यामुळे मोडीची अक्षरे तशी का वळली हे समजावून सांगण्याआधीच मनगटाला कळते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळला जात नाही, हे ऐकून वर्गातल्या दोन गुजराती भगिनींनी, ज्यांना मराठी शुद्धलेखनाचा धसका होता, मोकळेपणाने टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रविवारची एक गंमत सांगण्याजोगी आहे. एका पत्राच्या झेरॉक्सवरून एक तरुण अडखळत वाचत होता आणि ‘मारनिले’ या शब्दाशी येऊन त्याने घोषणा केली की या गृहस्थाला ठार मारले. वर्गात खळबळ उडाली. कोणी मारले, कधी मारले, याचा शोध सुरू झाला. बाईंनी त्याला पुढच्या तीन ओळी वाचू दिल्या, आणि त्या तीन ओळींत तेच गृहस्थ बैल विकत घेऊन गावी परतले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘मारनिले’ म्हणजे ‘मशारनिल्हे’, म्हणजे वर ज्यांचा उल्लेख आला ते. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द कारकुनांनी रोज लिहून लिहून झिजवला आणि त्याचे हे रूप उरले. मोडी लिपी म्हणजे नुसती वळणे नव्हेत, तिच्यामागे दफ्तराची अख्खी बोली आहे, हे त्या एका चुकीने वर्गाला जे शिकवले ते तासाभराच्या भाषणानेही साधले नसते.

या वर्गाबद्दल माझी तक्रार दोन बाबतींत आहे. पहिली सरावाच्या कागदांची. ते झेरॉक्सचे झेरॉक्स असल्यामुळे निम्मी अक्षरे भुरकट झाली आहेत, आणि मूळ कागद कोणत्या दफ्तरातला, कोणत्या सालचा, याचा उल्लेख एकाही पानावर नाही. बरेचसे नमुने पुण्याकडच्या छापील मोडी पुस्तकांतून घेतलेले दिसतात. बडोदा संस्थानाच्या दफ्तरात मोडीतील मराठी कागदांचा मोठा साठा असताना आणि शहरातल्या कित्येक घरांतल्या ट्रंका अशाच कागदांनी भरलेल्या असताना, बडोद्याच्या वर्गाने बडोद्याचा कागद वाचू नये, हे मनाला पटत नाही. घरातला एक हिशेबाचा बंद मी नेला होता. तुपाच्या आणि गुळाच्या नोंदींपुढे बाबाशाही रुपयांतली रक्कम होती, आणि बाबाशाही म्हणजे गायकवाडांचे स्वतःचे चलन, हे कळल्यावर सगळा वर्ग त्या एका पानाभोवती गोळा झाला. दुसरी तक्रार जागेची. वर्ग माडीवर भरतो आणि वाड्याचा लाकडी जिना अरुंद, उभा आणि काळोखा आहे. मोडीची गोडी असणारी बरीच मंडळी सत्तरीच्या पुढची आहेत. दोन काकू पहिल्याच दिवशी जिन्याच्या पायथ्याशी थांबून परत गेल्या. तळमजल्यावरची मधली खोली रविवारी मोकळी असते.

या संग्रहालयाचा सर्वांत मोलाचा आणि माझ्या मते सर्वांत वाया जाणारा कार्यक्रम म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी भरणारी बैठक. घरातली एखादी जुनी वस्तू आणायची आणि तिच्याविषयी पाच मिनिटे बोलायचे, एवढाच नियम आहे. भाषेचे बंधन नाही. गुजराती, मराठी, हिंदी आणि आम्हा बडोदेकरांची ती खास मराठी, जिच्यात वाक्य मराठीत सुरू होऊन गुजरातीत विसावते, सगळे तिथे चालते. एका वह्यांच्या व्यापाऱ्याने आजोबांच्या वेळचा लाल कापडी चोपडा आणला होता. एका काकांनी वडिलांची कुस्तीची ढाल आणली आणि तिच्यापेक्षा वडिलांच्या खुराकाविषयीच जास्त सांगितले.

पण त्या बैठकीतला जो ऐवज मी विसरू शकत नाही, तो तळहातापेक्षा मोठा नव्हता. एका आजींनी पानाच्या डब्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला, मांडीवर रुमाल पसरून त्यावर उलगडला, आणि कोणीही त्याला हात लावण्याआधी स्वतःच वाचून दाखवला. छापील गुजराती नमुन्यात शाईने भरलेली ती दंडाची पावती होती. मुलीला शाळेत पाठवले नाही म्हणून आजींच्या आजोबांनी काही आणे सरकारात भरले होते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. सक्ती म्हणजे पालकाच्या खिशाला हात, हे मात्र त्या पिवळ्या पडलेल्या चिठोऱ्याने दाखवले. आजी म्हणाल्या, “दंड भरून भरून आजोबा कंटाळले आणि मग आत्याला शाळेत घातलं. आत्या पुढे मास्तरीण झाली, आणि ही पावती तिनेच जपली.” खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही.

मग टाळ्या झाल्या, आजींसोबत छायाचित्र निघाले, ते कार्यक्रमाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले आणि चहा आला. आजींनी पावती संग्रहालयाला देऊन टाकली. महिनाभराने मी सहज नोंदवही मागून पाहिली. तिच्यात तारखेपुढे एवढेच लिहिले होते : ‘जुनी पावती, नग १’. कोणाची, कशाबद्दलची, आत्या कोण, कागद इतकी वर्षे कोणी आणि का सांभाळला, यातले एक अक्षर नाही. व्यापाऱ्याचा चोपडा ‘वही, नग १’ झाला होता. पाच मिनिटे जे सांगितले गेले, ते ज्यांनी ऐकले त्यांच्यापाशीच राहिले, आणि त्यांतले निम्मे ऐंशीच्या घरात आहेत. गोष्ट सुटलेली पावती हा नुसता कागद असतो. तसे कागद रद्दीवाल्याकडेही मिळतात.

हे संस्थेला जमत नाही म्हणून होते, असेही नाही. पुराविषयी त्यांनी घेतलेली संध्याकाळ याचा पुरावा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, मगरी वस्तीत आल्या आणि लोक दोन-तीन दिवस गच्च्यांवर अडकले, त्या आठवणी सांगण्यासाठी ही संध्याकाळ होती. स्वयंसेवकांनी भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावला होता. प्रत्येकाने आपल्या घराच्या जागी टाचणी टोचायची, पाणी कुठवर आले ते चिठ्ठीवर लिहायचे, ‘घोट्याएवढे’, ‘ओट्याच्या वर’, ‘पहिल्या मजल्याची तिसरी पायरी’, आणि चिठ्ठीवर तारीख, वेळ व नाव घालायचे. फोनमधली छायाचित्रे त्याच क्रमांकाने उतरवून घेतली गेली. दोन तासांत नकाशावर पाण्याची वाट उमटली, आणि ज्या गल्ल्यांत एकही टाचणी नव्हती तिथले लोकही मग स्वतःहून पुढे आले. तो नकाशा आज चौकटीत लावलेला आहे आणि चिठ्ठ्या खोक्यात क्रमाने ठेवलेल्या आहेत. माणसे तीच, जागा तीच. फरक इतकाच की त्या दिवशी काय लिहून घ्यायचे हे आधी ठरलेले होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पदभ्रमणाला आणि शनिवारच्या बैठकीला शुल्क नाही. मोडीच्या वर्गासाठी आधी नाव नोंदवावे लागते आणि वीस जणांनंतर नावे घेत नाहीत. पदभ्रमणात पुढे उभे राहावे. गाडी मांडवीत आणण्याचा मोह टाळावा. खोल्यांतल्या पाट्या गुजराती आणि इंग्रजीत आहेत. निम्मे कागद मराठी असताना मराठीची एखादी ओळ असती तर बरे वाटले असते, पण त्यावरून वाद घालावा इतके ते मोठे नाही. वस्तू न्यायची असेल तर जरूर न्यावी, मात्र सोबत तिची हकीकत स्वतःच्या हाताने एका पानावर लिहून न्यावी आणि ते पान तिच्यासोबतच ठेवायला सांगावे.

माझा हिशेबाचा बंद संस्थेने मागितला होता. नोंदवहीचा रकाना बदलला की देईन असे मी म्हटले, आणि नुसते बोलून भागत नाही म्हणून एका पानावर सात रकाने आखून दिले : वस्तू, साल, कोणाकडून आली, कोणाची होती, कुठे वापरली, सांगणाऱ्याचे शब्द, ऐकणाऱ्याची सही. त्यावर कोणी काही बोलले नाही आणि मीही विषय सोडून दिला. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या पानाच्या प्रती नोंदवहीत शिवलेल्या दिसल्या. पहिलेच पान आजींच्या पावतीचे होते. सहा रकाने भरलेले, ‘सांगणाऱ्याचे शब्द’ बरेचसे आठवणीतून जुळवलेले, आणि ‘कोणाची होती’ या रकान्यात आत्याच्या नावासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले : ‘आजींना फोन करणे.’