गडगडाटाला घाबरणारा कुत्रा: घट्ट जॅकेट की खाऊचा डबा?

कुत्रा ढगांच्या गडगडाटाला घाबरतो असं कुणाला सांगितलं की दोन सल्ले ठरलेले असतात. अंगाला घट्ट बसणारं जॅकेट घ्या, नाहीतर ढग वाजला की खाऊ द्या. आमच्या काळूवर मी दोन्ही करून पाहिलं. जॅकेट दोन पावसाळे, खाऊ तिसऱ्या पावसाळ्यापासून आजपर्यंत. पुढचं सगळं एका कुत्र्याच्या अनुभवावरचं आहे, तेवढं धरून वाचा.

जॅकेटमागचा विचार चुकीचा नाही. तान्हं बाळ दुपट्यात गुंडाळलं की शांत होतं, तसा अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की जीव स्थिरावतो. जनावरांच्या वागण्याच्या अमेरिकन अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पिंजऱ्यात काही जनावरं निवांत होताना पाहिली आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवून घेतलं, ते याच विचारातून. शिवाय जॅकेटची सोय मोठी. दोन मिनिटांत घालून होतं, कुत्र्याला काही शिकवावं लागत नाही. पहिल्या वर्षी मी खूश होतो. आधी काळू घरभर येरझाऱ्या घालायचा, धापा टाकायचा, पलंगाखाली घुसून बसायचा. जॅकेट घातलं की एका जागी उभा.

त्या उभं राहण्याचा अर्थ मी चुकीचा लावला. दुसऱ्या वर्षी एका रात्री त्याच्यासमोर फरशीवर बसून नीट पाहिलं. तोंड बंद होतं, पण जीभ सारखी नाकावरून फिरून आत जात होती. कान मागे चिकटलेले. मान खाली, नजर तिरकी खिडकीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती. पुढचा एक पाय किंचित उचललेला. पाय टेकवला की फरशीवर पंजाचा ओला ठसा उमटायचा, कारण कुत्र्यांना तळव्यांतून घाम येतो. नाकासमोर चिकनचा तुकडा धरला. एरवी माझ्या बोटांसकट ओढणारा काळू, त्यानं तोंड फिरवलं. तो शांत झालाच नव्हता, थिजला होता. आणि इतके दिवस मी त्यालाच आराम समजत होतो.

तरीही मी जॅकेट सोडलं ते दुसऱ्याच कारणासाठी. ते गडगडाट सुरू व्हायच्या आधी घालावं लागतं. म्हणजे आभाळ भरून आलं की मी कपाट उघडणार, वेल्क्रोची पट्टी ओढणार. दुसरा पावसाळा निम्मा होईपर्यंत काळूला त्या पट्टीचा 'चर्र' आवाजच पुरेसा झाला. बाहेर स्वच्छ ऊन असताना मी पावसाळी बुटांची पट्टी सोडली, तर याचं शेपूट पोटाखाली. त्याच्या लेखी ती वीज येणार असल्याची वर्दी होती. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनं खाण्याआधी ठरावीक आवाज ऐकवून, पुढे नुसत्या आवाजानं कुत्र्यांच्या तोंडाला पाणी आणलं, मी आवाज ऐकवून माझ्या कुत्र्याला भीती शिकवली. जॅकेट आधी कोरड्या दिवसांत, खेळताना, खाताना घालून सवय करायला हवी होती असं नंतर कळलं. तुम्ही घेणार असाल तर एवढं जरूर करा. माझ्या हातून ती वेळ गेली होती.

खाऊचं तंत्र ऐकायला फारच साधं आहे आणि त्यातही घोळ क्रमाचाच होतो. आधी ढग, मग खाऊ. उलट केलं तर खाऊच वर्दी होऊन बसतो. आवाज झाल्यावर एक-दोन सेकंदांत तुकडा समोर पडला पाहिजे, आणि प्रत्येक आवाजाला. कुत्रा शहाण्यासारखा बसला म्हणून द्यायचं हे बक्षीस नव्हे. थरथरत असला तरी द्यायचं. विजेचा लखलखाट इथे कामाला येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तेवढ्यात हात डब्यात जातो. रोजच्या बिस्किटानं भागत नाही. एरवी न मिळणारं, वास दरवळणारं काहीतरी हवं.

'घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते' असं मलाही बजावलं गेलं होतं. भीती ही भावना आहे, कुत्रा मुद्दाम करतो ती खोड नव्हे. जवळ आला तर जवळ घ्यावं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून 2020 मध्ये फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देण्याचा उपयोग झाला असं सुमारे 70 टक्के मालकांनी सांगितलं, घट्ट जॅकेटबद्दल सुमारे 44 टक्क्यांनी. ही मालकांची मतं आहेत, मोजमाप नव्हे, पण माझा अनुभव त्याच बाजूला पडतो. व्यालेल्या कुत्रीच्या, पिल्लांना धीर देणाऱ्या गंधाची नक्कल हवेत सोडणारं फेरोमोनचं यंत्र (डिफ्यूजर) मी महिनाभर लावून पाहिलं. काळूत फरक दिसला नाही. सुगंधी तेलांच्या वाटेला मी गेलो नाही. घरात मांजर असेल तर तुम्हीही जाऊ नका, टी ट्रीसारखी तेलं मांजरांना विषारी ठरतात.

खाऊच्या बाजूनं सगळंच गोड नाही. रात्री दोनला उठावं लागतं. सगळ्या पावसाळाभर डबा हाताशी ठेवावा लागतो, त्या दिवसांत जेवण कमी करावं लागतं. काळू अजूनही गडगडाटात झोपत नाही. पण आता ढग वाजला की तो पलंगाखाली न जाता माझ्या हाताकडे बघतो. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, त्याचं काय चाललंय ते कळतं. तुकडा पटकन घेतला तर ठीक, ओरबाडून घेतला तर ताण चढतोय, नाकारला तर माझ्या हाताबाहेर गेलं. जॅकेटमधून मला यातलं काहीच कळत नव्हतं.

तुमच्या कुत्र्यानं जॅकेट घालून निवांत अंग टाकलं आणि खाऊही खाल्ला, तर ते बदलायचं कारण नाही. पण आवडीचा तुकडाही तो तोंडात घेत नसेल, तर दोन्ही बाजूला ठेवून पशुवैद्यकांकडे जा. भीती कमी करणारी औषधं आहेत. फक्त गुंगी देऊन पाडणारं औषध नको असं स्पष्ट सांगा, अंग ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते. वय झालेला कुत्रा अचानक आवाजांना घाबरू लागला असेल, तर सांधे आणि पाठ आधी तपासून घ्या. अंगात कुठे दुखत असलं की दचकल्यावर ती कळ वाढते. आणि तुम्ही दिवसभर बाहेर असाल, तर खाऊ टाकणारं कुणी नसतं आणि जॅकेट तासन्‌तास अंगावर ठेवता येत नाही. तेव्हा खिडक्या बंद असलेली आतली खोली, पंख्याचा एकसुरी आवाज आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, याची तयारी पावसाळ्याआधीच करून ठेवा.