एफटीएक्स: ॲप उत्तम होतं, आकडे खोटे होते

2021 साली कामानिमित्त मी आठ महिने सिंगापूरला होते. ऑफिसातल्या निम्म्या पोरांच्या फोनवर एफटीएक्स, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी घ्यायचं-विकायचं ॲप होतं, म्हणून मीही खातं उघडलं. दोनशे डॉलर टाकले, थोडं बिटकॉइन घेतलं आणि पुण्याला परतायच्या आधी विकून पैसे काढून घेतले. काही अडचण आली नाही. पेमेंटच्या ॲपचं टेस्टिंग हे माझं पंधरा वर्षांचं काम आहे, त्यामुळे कुठे काय अडखळतंय ते मला पटकन कळतं. इथे काहीच अडखळत नव्हतं. नवखं माणूसही दहा मिनिटांत रुळेल इतकी मांडणी स्वच्छ होती.

त्यांच्या साइटवर विमा निधीचा एक आकडा दिसायचा. उधारीवर सौदे करणारा कुणी बुडाला, तर ती तूट या निधीतून भरायची, अशी व्यवस्था. कोट्यवधी डॉलरचा आकडा, आणि तो सतत थोडा थोडा हलायचा. तो बघून मला धीर आला होता, हे कबूल करते.

पुढे एफटीएक्स बुडालं आणि फसवणुकीचा खटला उभा राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये मॅनहॅटनच्या कोर्टात सहसंस्थापक गॅरी वाँगची साक्ष झाली. तो आकडा निधीतल्या शिलकेवरून येतच नव्हता, असं त्याने सांगितलं. दिवसाची उलाढाल घ्यायची, 7500 च्या आसपासच्या कुठल्याही एका संख्येने गुणायची, एक अब्जाने भागायची आणि येईल ते आधीच्या आकड्यात मिळवायचं. हे वाचलं आणि पोटात गोळा आला. कोडमध्ये चुका राहतात, त्या शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण आकडा खरा वाटावा म्हणून तो कसा हलवायचा, हे कुणीतरी शांतपणे बसून लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट अलामेडाची. ही एफटीएक्सचा प्रमुख सॅम बँकमन-फ्राइड याचीच ट्रेडिंग कंपनी. एफटीएक्सवरच्या तिच्या खात्यात शिल्लक उणे गेली तरी चालेल, अशी सोय कोडमध्येच करून ठेवलेली होती आणि उधारीची मर्यादा 65 अब्ज डॉलर. मला शिलकेपेक्षा एक सेंट जास्त काढता येत नव्हता. नाण्यांची मालकी कायम ग्राहकाचीच, असं सेवेच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असताना हे चाललं होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये लोक एकदम पैसे काढायला धावले, तेव्हा सुमारे 8 अब्ज डॉलर जागेवर नव्हते.

2 नोव्हेंबर 2023 ला ज्युरीने बँकमन-फ्राइडला सातही आरोपांत दोषी ठरवलं. ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांना बरंच वाटलं. मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे बहुतेक ग्राहकांना दाव्याच्या सुमारे 118 टक्के परतफेड मिळणार अशी बातमी आली, तसा सूर बदलला. ‘सगळ्यांचे पैसे वर व्याजासकट मिळतायत, मग गुन्हा कसला? पोराचं आयुष्य फुकट घालवलं.’ चांगली शिकलेली माणसं हे बोलतात, तेव्हा मला फार त्रास होतो.

एक तर ही परतफेड नोव्हेंबर 2022 च्या भावाने. दाव्यात बिटकॉइन धरलं 16,871 डॉलरला, आणि शिक्षा सुनावली त्या दिवशी ते 70,000 च्या आसपास होतं. न्यायाधीश कॅप्लन यांनी तर शिक्षा सुनावतानाच हा युक्तिवाद फेटाळला होता. चोराने चोरीचा माल लास व्हेगासला नेऊन जुगारात पैसे जिंकले, म्हणून त्याला शिक्षेत सूट मिळत नाही, असं ते म्हणाले. मला हे पूर्ण पटतं.

पटतं, कारण मी आईला पाहिलंय. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत तिची तीन लाखांची ठेव होती. संस्थेचं शटर अर्ध्यावर आलं आणि तिथून पुढे सात वर्षं ती दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून तिथे जायची. मुद्दल मिळाली, हप्त्याहप्त्याने. ‘मिळाले ना पैसे, मग झालं तर’ असं तिलाही लोक म्हणायचे. मधल्या काळात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिच्या पाटल्या गहाण ठेवून झालं, ते कुठल्या टक्क्यात बसवायचं?

त्यामुळे एफटीएक्सच्या ॲपला मी आजही चांगलंच म्हणेन, पण सेवेला एकही तारा देणार नाही. लोकांनी पैसे सांभाळायला दिले होते, आणि तेवढं एकच काम त्यांनी केलं नाही.

निकालाचं आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, ‘त्याला पकडून कुठून आणला?’ बहामाजहून, म्हटलं, विमानाने, दुसऱ्या देशातून. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमचे चेअरमन तर पलीकडच्याच गल्लीत राहतात.’