संत्र्याच्या ट्रकवरील जीपीएस यंत्र : वरूड ते काठमांडू, दोन बहरांनंतरचा अनुभव

आंबिया आणि मृग हे संत्र्याचे वर्षातले दोन्ही बहर (हंगाम) निघाल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे. वरूड-मोर्शी भागातील संत्रा आम्ही रक्सौल-बीरगंज नाक्यावरून काठमांडूच्या कालीमाटी बाजारात पोहोचवतो. रक्सौलपर्यंत कोणतेही साधे यंत्र पुरते. खरी कसोटी लागते ती त्रिशूलीकाठच्या नारायणगढ-मुग्लिंग या ३६ किलोमीटरच्या टप्प्यात आणि पुढे नौबिसे-नागढुंगा चढावर.

यंत्रातले भारतीय सिम सीमेपलीकडे रोमिंगशिवाय चालत नाही, त्यामुळे यंत्र घेताना तेवढे आधी विचारून घ्यावे. दरीत नेटवर्क गेले तरी यंत्र उपग्रहावरून स्थान टिपत राहते आणि रेंज येताच साठवलेल्या नोंदी एकदम पाठवते. तोवर नकाशावर ट्रक एकाच जागी उभा दिसतो, आणि बागवानाचे व अडत्याचे फोन सुरू होतात. अशा वेळी नोंद पोहोचल्याची नव्हे, तर ती घेतल्याची वेळ पाहावी. शिवाय नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. दरड कोसळल्यावर रस्ता सुटण्याची वेळ चालक तिकडच्या घड्याळाने कळवतो, आमचा अहवाल मात्र भारतीय वेळेत येतो.

मला सर्वांत मोलाची वाटली ती इंजिनच्या फेऱ्यांची नोंद. परतीच्या वाटेवर नागढुंग्याहून उतरताना गाडीचा वेग वाढत असून इंजिन मात्र उभ्या गाडीइतकेच मंद फिरत असल्याचे आलेखात दिसले, म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. असे केल्यास इंजिनचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. तो आलेख आम्ही चालकांसमोर ठेवला, डिझेलच्या बचतीवर मिळणारा भत्ता घाटापुरता बंद केला, आणि त्यानंतर उतारावरच्या नोंदी सुधारल्या. एवढ्या एका कारणासाठीही मी हे यंत्र पुन्हा घेईन.

डिझेलच्या सेन्सरबाबत मात्र माझी तक्रार कायम आहे. चढावर टाकीतील डिझेल एका बाजूला सरकताच चोरीचा इशारा येतो, आणि विक्रेत्याने वारंवार कळवूनही त्यावर उपाय दिलेला नाही. चालकाला जाब विचारण्याआधी गाडी सपाट जागी उभी असतानाचा आकडा पाहावा, असे प्रत्येक मालकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे.