फॉर्म २१-४१४० आणि काउंटी ऑफिसातलं टेबल: आमचा अनुभव

आधी स्टार देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. फॉर्म (दुखण्यामुळे नोकरी जमत नसलेल्या माजी सैनिकाने 'काम केलं का' हे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला, म्हणजे व्हीएला, कळवायचा): पाचपैकी साडेतीन. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसातली फुकट मदत: पाचपैकी पाच. फोन करून "आम्ही भरून देतो" म्हणणारी कंपनी: शून्य, आणि शून्याखाली काही देता येत असेल तर तेही.

आमच्या मंडळात अमेरिकन सैन्यात गेलेल्यांची तीन घरं आहेत. गणपतीत भेटलो की मोदकांपासून ग्रीन कार्डापर्यंत सगळं बोलून होतं, पण व्हीएच्या कागदांचा विषय निघाला की पुरुष मंडळी प्लेट धुवायला उठतात. म्हणून हे त्यांच्या बायकांसाठी. लिफाफे शेवटी आपल्यालाच उघडावे लागतात.

नवरा न्यू जर्सीत वाढला, कॉलेज अर्धवट सोडून आर्मीत गेला आणि २००५ मध्ये इराकमध्ये ट्रक चालवत होता. पाठ तिथे गेली, झोपही तिथेच राहिली. व्हीएने त्याच्या पीटीएसडीला, म्हणजे युद्धाच्या धक्क्यातून आलेल्या मनाच्या दुखण्याला, अपंगत्वाचे ५० टक्के दिले, पाठीला ४०, कानातल्या आवाजाला १०. मी साताऱ्याची, गणित बरं असलेली मुलगी, बेरीज केली शंभर. तर पत्रात ७०! कारण इथे बेरीज नसतेच. शंभरातले ५० गेले, उरलेल्या ५० चे ४० टक्के म्हणजे २०, झाले ७०. उरलेल्या ३० चे १० टक्के म्हणजे ३, झाले ७३, आणि मग जवळच्या दहाला आणून ७०. हे मला समजावून सांगायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि मी अजूनही त्यावर चिडलेली आहे.

पण ७० टक्के आणि त्यात एक तरी दुखणं ४० किंवा वरचं असेल, आणि त्या दुखण्यांमुळे पोटापाण्याची नोकरी टिकत नसेल, तर 'आययू'साठी, म्हणजे दुखण्यामुळे नोकरी करता येत नाही म्हणून मिळणाऱ्या वाढीव भरपाईसाठी, अर्ज करता येतो. (एकच दुखणं असेल तर ते ६० टक्क्यांचं लागतं.) तो मंजूर झाला की रेटिंग ७० च राहतं, पैसे मात्र १०० च्या दराने. फरक किती ते सांगते: २०२५ च्या दराने एकट्या माणसाला ७० टक्क्यांचे महिना १,७५९ डॉलर, १०० टक्क्यांचे ३,८३१. आमचं घरभाडं या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहतं.

या मधल्या जागेसाठीच आहे तो २१-४१४०. गेल्या बारा महिन्यांत काम केलं का, एवढंच त्या फॉर्मला विचारायचं असतं. मधली काही वर्षं तो पाठवणं बंद होतं, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं. भरून परत करायला ६० दिवस. नाही केला, तर पैसे कमी करण्याचा प्रस्ताव पत्राने घरी येतो.

आमच्याकडे तो लिफाफा आला आणि सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेला. चूक पूर्णपणे आमची. दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी चालू होत्या आणि त्या गठ्ठ्यावर मी तेलाचा झारा ठेवत होते. सापडला तेव्हा पत्रावरची तारीख ४१ दिवसांपूर्वीची होती आणि कोपऱ्यावर तेलाचा गोल डाग.

आता फॉर्मबद्दल. खरं तर छोटासा आहे. नाव, सोशल सिक्युरिटी नंबर, फाइल नंबर, पत्ता, आणि मग तो प्रश्न: व्हीएकडे, दुसऱ्या कोणाकडे किंवा स्वतःचं, काही काम केलंत का? 'हो' असेल तर मालकाचं नाव-पत्ता, कामाचा प्रकार, आठवड्याचे तास, कधीपासून कधीपर्यंत, आजारपणात गेलेला वेळ, एका महिन्याची सर्वांत जास्त कमाई. 'नाही' असेल तर खाली सही: मी काम केलेलं नाही, आणि माझं दुखणं सुधारलेलं नाही, अजूनही मला काम करू देत नाही.

दीड स्टार कापला तो या सहीसाठी. रकाने सोपे आहेत, भाषाही सरकारी असून समजते. पण चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने पेन उचलून 'मी कामाचा नाही' असं लिहून द्यायचं! दोन वर्षं मी पाहिलंय, सही करायच्या आधी तो गॅरेजमध्ये जाऊन उगाच हत्यारं लावत बसतो. साताऱ्यात माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीचे पेन्शनर आहेत. त्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हल्ली मोबाइलसमोर चेहरा धरून. ते इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा विंचरून बसतात आणि झाल्यावर चहा मागतात. जिवंत आहे हे सांगायला कोणाला लाज वाटत नाही.

आणि त्या वर्षी आमची गोची वेगळीच होती. त्याने काम केलं होतं. उन्हाळ्यात एका हार्डवेअरच्या दुकानात कॅशवर उभा राहिला, आठवड्याला वीस तास, तासाला तेरा डॉलर. सहा आठवडे टिकला. चार दिवस पाठीमुळे घरी, मग एकदा मागे फोर्कलिफ्टवरून काहीतरी आपटलं आणि तो काउंटर सोडून पार्किंगमध्ये जाऊन बसला. एकूण कमाई १,५६० डॉलरच्या आतच. शिवाय माझ्या चकल्यांच्या पिशव्यांवर लेबलं तोच लावतो. मग लिहायचं काय? 'हो' लिहिलं तर सगळं जातंय, असं आम्हाला वाटलं.

याच आठवड्यात त्या कंपनीचा फोन. आययूबद्दल त्यांना कुठून कळलं देव जाणे. फॉर्म भरायचे तीनशे डॉलर, आणि "कमाई दाखवायची की नाही ते आम्ही बघू". मी फोन ठेवला. मालकाने सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याला कळवलेला पगार लपत नसतो, व्हीए त्या नोंदी पाहते.

मंगळवारी काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसात गेलो. टेबलामागे नेव्हीतून निवृत्त झालेली बाई, चष्मा दोरीला. तिने तेलाचा डाग पाहिला आणि म्हणाली, "हे तळलेलं काय होतं?" तिथेच नवरा जरा सैलावला.

तिने पगाराच्या स्लिपा मांडल्या आणि सरळ सांगितलं: 'हो'वर खूण करा, सगळं भरा, चार दिवस आजारपणाचे तेही लिहा. एका माणसाची सेन्सस ब्युरोची दारिद्र्यरेषा तेव्हा पंधरा-सोळा हजार डॉलरच्या घरात होती. वर्षाची कमाई त्याखाली असेल तर ते काम किरकोळ धरलं जातं, त्याने आययू जात नाही. आणि समजा खरी, पूर्ण पगाराची नोकरी लागली, तरी ती सलग बारा महिने टिकल्याशिवाय नुसत्या नोकरीच्या कारणावरून आययू काढत नाहीत. हे वाक्य तिने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा त्याच्याकडे बघून. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की कुठे पाय टाकला की दार बंद.

चकल्यांचं तिने बारकाईने विचारलं. धंदा कोणाच्या नावावर? माझ्या. त्याला पगार? नाही. किती तास? बरं वाटेल तेव्हा, कधी अर्धा तास, कधी आठवडाभर काही नाही. मग वेगळ्या कागदावर हेच तीन ओळीत लिहून जोडा, म्हणाली. तिने लिहून दिलं नाही, त्याच्याकडून लिहून घेतलं. मला ते आवडलं.

फॉर्म विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या पत्त्यावर टपालाने पाठवता येतो, ऑनलाइनही चढवता येतो. तिने समोर स्कॅन करून चढवला, पोचपावतीचा कागद हातात दिला, तारखेखाली पेनने रेघ मारली. एकूण पस्तीस मिनिटं, पैसे शून्य. अशा कामासाठी बसायचं ते व्हीएची मान्यता असलेल्या माणसापुढेच. मान्यताप्राप्त लोकांची यादी व्हीएच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येते. त्या फोनवाल्यांचं नाव मी टाकून पाहिलं. नव्हतं.

पैसे तसेच चालू राहिले, वेगळं पत्र काही आलं नाही.

जाणार असाल तर: सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग लागते. पगाराच्या स्लिपा आणि आलेलं मूळ पत्र न्या. गाडी मागच्या बाजूला लावा, पुढच्या मीटरला फक्त नाणी चालतात. मी आभार म्हणून बेसनाचे लाडू नेले होते, पण तिने हात जोडून नियम सांगितला, भेट घेता येत नाही. मग डबा बाहेर वेटिंग रूममधल्या टेबलावर ठेवला. केसांचा क्रू कट केलेले एक आजोबा म्हणाले, हे गोड आहे का, मला शुगर आहे. म्हटलं, गोड आहे. त्यांनी दोन घेतले.