सायन्स, निसर्ग आणि आकाश: मुलांसाठी कुठली वेबसाइट घ्यायची?

ताईने परवा विचारलं, भाची सहावीत गेलीये, सायन्सची आवड लागतेय, दिवसाला अर्धा-पाऊण तास लॅपटॉप मिळणार, तर एखादी चांगली वेबसाइट सांग. मी सात-आठ नावं व्हॉट्सॲपवर टाकली आणि ती अजूनच गोंधळली, कारण लिस्ट कुणीही पाठवतं, पण कधी काय उघडायचं ते कुणी सांगत नाही. मग महिनाभर भाचीला एकेक जोडी वापरायला दिली आणि शेजारी बसून बघितलं. मी फक्त एवढंच बघत होते की लॅपटॉप बंद केल्यावर ती उठून काही करायला जाते का. माहिती सगळीकडेच ढीगभर आहे, तिच्यावरून निवडण्यात काही अर्थ नाही.

पहिली जोडी म्हणजे फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवरच प्रयोग करून बघायची साइट, आणि अरविंद गुप्तांची खेळण्यांची साइट. फेट २००२ साली कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या फिजिक्सवाल्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलं, सगळं फुकट, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकदा डाउनलोड केली की नेट नसतानाही चालतात. त्यातलं सर्किटचं घ्या. सेल, तार, बल्ब ओढून जोडायचे, तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, अजून एक सेल लावला की बल्ब जास्त पेटतो. भाचीने बल्ब काढून सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली तर सेलला आगच लागली, आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे तिला मी काहीही न सांगता कळलं. हे घरी खऱ्या सेलवर मी करू देणार नाही, तारही तापते आणि सेलही, म्हणून या कामाला फेटच पाहिजे.

पण अरविंद गुप्तांच्या साइटवर ती जास्त रमली. गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांसोबत टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते, २०१८ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतलेही आहेत, आणि फुकट पुस्तकांचा तर खजिनाच आहे. आम्ही साधी मोटर केली: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली थोडी तांब्याची तार. तारेचं वेटोळं करायचं, एका टोकाचं वार्निश पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त एका बाजूचं. आम्ही पहिल्यांदा दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं नुसतं थरथरलं. पूर्ण खरवडलं तर अर्ध्या फेरीनंतर चुंबक त्याला उलट ढकलायला लागतो, अर्धंच खरवडलं तर नेमका तेव्हा करंट तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. दुसऱ्या खेपेला ते भर्रकन फिरलं तेव्हा ती जी ओरडली ते शेजारच्या काकूंनीही ऐकलं.

म्हणजे कन्सेप्ट अडलाय, उद्या चाचणी आहे, किंवा प्रयोग धोक्याचा आहे तर फेट. रविवार मोकळा आहे आणि घरात कुणीतरी मोठं सोबत बसू शकतंय तर अरविंद गुप्ता. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हाताने करू द्या आणि मग फेटवर आकडे बदलून खेळू द्या, उलटं केलं की मोटरची मजा अर्धी होते.

आता आकाश. इथे स्टेलॅरियम वेब आणि हेवन्स अबव्ह यांच्यात निवड करायची होती. स्टेलॅरियम ब्राउझरमध्येच उघडतं, आपलं गाव टाकलं की आत्ता डोक्यावर काय आहे ते दिसतं, वेळ पुढेमागे सरकवता येते. फक्त एक आधीच सांगून ठेवा, स्क्रीनवर हजारो तारे दिसतात आणि पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून मोजून वीस-पंचवीस, मुलं हिरमुसतात. म्हणून सुरुवात मृगापासून करा. फेब्रुवारीत संध्याकाळी जेवणाच्या आधी वर बघितलं की मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शहरातूनही दिसतो, तीच रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी. एवढं जमलं की बाकीचं ती स्वतः शोधते.

हेवन्स अबव्ह दिसायला अगदीच कोरडी साइट आहे, नुसते तक्ते. पण स्पेस स्टेशन आपल्या गच्चीवरून कधी, कुठल्या दिशेने जाणार हे ती मिनिटासकट सांगते. लोकेशन सेट करायला विसरू नका, नाहीतर सगळ्या वेळा भलत्याच येतात. ब्राइटनेसच्या रकान्यात आकडा जितका वजा तितकं ते ठळक, वजा तीनच्या आसपास असेल तर चुकवूच नका. उंची डिग्रीमध्ये असते, हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा डिग्री होतात, तशा मुठी मोजायच्या. भाचीला पहिला प्रश्न पडला की त्याला लाइट नाही तर दिसतं कसं. ते ४०० किलोमीटरवर असतं, आपल्याकडे सूर्य बुडालेला असला तरी त्याच्यावर ऊन पडत असतं, म्हणूनच ते संध्याकाळी अंधार पडल्यावर नाहीतर पहाटे दिसतं, मध्यरात्री बहुतेक वेळा दिसतच नाही. ताशी २८,००० किलोमीटर वेगाने चाललेलं हे घर, आत माणसं आहेत, आणि आपण गच्चीवर उभे राहून त्यांना हात करतोय, मला अजूनही दर वेळी भरून येतं.

जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे हे सगळं बंद. तेव्हा नासाचं आइज घ्या, त्यात व्हॉयेजर १ आत्ता कुठे आहे ते बघता येतं. १९७७ला निघालेलं यान आता २,५०० कोटी किलोमीटरच्या पुढे गेलंय आणि त्याचा सिग्नल इथे पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. पण ते जुन्या मोबाइलवर अडकत अडकत चालतं. मोबाइल साधा असेल तर नासाचीच एपॉड, रोज एक फोटो आणि खाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला छोटा परिच्छेद, १६ जून १९९५ पासूनचे सगळे फोटो जपलेत, मुलांना आपल्या वाढदिवसाचा फोटो शोधायला फार आवडतं.

निसर्गाचं ठरवताना घरातलंच कारण मिळालं. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलं होतं, चार-पाच दिवसांनी तेच मोठं आणि हिरवंगार झालं, काडी लावली की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढायचं आणि घाण वास सोडायचं. फोटोवरून जीव ओळखून देणाऱ्या आयनॅचरलिस्ट या साइटवर फोटो टाकला, साइटने कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची अळी सुचवली, मग एका जाणकाराने सांगितलं की हे लाइम बटरफ्लाय असावं. दोन्हींच्या अळ्या कढीपत्त्यावर येतात आणि दिसायलाही जवळजवळ सारख्या. खात्री करायला बटरफ्लाइज ऑफ इंडिया उघडली, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांची टीम ती चालवते. तिथे एकेका जातीचे अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचे फोटो आणि अळी कुठली झाडं खाते तेही आहे. अळ्या ताडून बघितल्या, जाणकाराचं बरोबर होतं, आणि पुढे कोषातून बाहेर पडलं तेही लाइमच.

दोघींत फरक असा की आयनॅचरलिस्टवर झाड, कोळी, बेडूक काहीही चालतं आणि उत्तर माणसं देतात, त्यामुळे कधी तासात येतं, कधी महिनाभर येत नाही. दुसरी साइट फक्त फुलपाखरांची, पण तिथलं तपासलेलं असतं. सुरुवात आयनॅचरलिस्टने करा, मात्र घरातला फोटो टाकताना लोकेशन धूसर ठेवायचं सेटिंग आठवणीने निवडा. मूल लहान असेल तर त्यांचंच सीक नावाचं ॲप बरं, त्याला अकाउंटच लागत नाही. पक्ष्यांचंच वेड असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं ईबर्ड, पण त्यात यादी करायची शिस्त लागते, सहावीतल्या मुलीला ते जरा जड जातं.

मराठीचा मुद्दा राहिलाच. सेमी इंग्लिशच्या मुलांना फोटोसिंथेसिस माहीत असतं, प्रकाशसंश्लेषण म्हटलं की आजी काय म्हणतेय कळत नाही. त्यासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भाषा भारदस्त आहे पण व्याख्या पक्की मिळते. जुन्या खंडांतल्या नोंदी त्या काळच्या माहितीवर लिहिलेल्या आहेत हे लक्षात ठेवा, शनीचे चंद्र मार्च २०२५मध्ये २७४ झाले, असले आकडे नासाच्याच साइटवर बघा आणि शब्द विश्वकोशातून घ्या.

ताईला शेवटी सांगितलं, शनिवार-रविवारी अरविंद गुप्ता, बाकीच्या दिवशी कुंडीत किंवा गच्चीवर जे दिसेल त्याची साइट. परवा तिचाच फोन आला, लिंबाच्या रोपावर तीन अळ्या आहेत, काढू नको ना म्हणून.