पु-अर चहा: कच्चा घ्यावा की पक्का?

चीनच्या युन्नान प्रांतातला हा चहा दोन तऱ्हांचा. कच्चा, म्हणजे शंग, वर्षानुवर्षे आपसूक मुरतो. पक्का, म्हणजे शोऊ, पानांचा ढीग ओला करून, झाकून, अधूनमधून उलटत साधारण दीड महिना आंबवतात. ही रीत १९७३च्या सुमारास युन्नानमधल्या कुनमिंग शहरात बसली.

मातकट चव जमत नाही म्हणणाऱ्यांच्या हाती बहुधा ताजा पक्काच पडलेला असतो. त्याला ढिगाचा वास, कधी चक्क सुकटीसारखा, चिकटून असतो. दाबून केलेली चहाची वडी फोडून दोन-तीन आठवडे हवेशीर ठेवली की तो बराच उतरतो. मग १०० मिली कपाला ५ ग्रॅम पाने घ्या, उकळते पाणी ओतून दहा सेकंदांत फेकून द्या आणि पुढचे पाणी पंधरा सेकंद ठेवा. रंग काळपट तांबडा, चव ओल्या लाकडाची, घोट गुळगुळीत.

नवा कच्चा मात्र कडू-तुरट. पाणी नव्वद अंशांच्या आसपास, वेळ जेमतेम दहा सेकंद. जास्त ठेवलात तर जीभ आवळते.

सुरुवात पक्क्यानेच करा. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र दोन्हींना बुरशीची भीती. मसाल्यांपासूनही लांब ठेवा.