दुसऱ्या महायुद्धातला मेस किट: दोन महिने वापरल्यावर

जुन्या वस्तूंच्या बाजारातून २५ डॉलरला अमेरिकन सैनिकाचा मेस किट, म्हणजे जेवणाच्या भांड्यांचा संच, घेतला. दांडीवर ‘यू. एस.’ आणि १९४४ असा ठसा. शोभेला ठेवायचा नव्हताच. मुलाच्या स्काउट गटाबरोबर कॅम्पिंगला जातो, तिथे वापरतो.

लंबगोल, उथळ पातेलं. त्यावर झाकण, तेच उलटं धरलं की दोन खणांची थाळी. दांडी दुमडून झाकणावर बसते आणि सगळं आवळून धरते. आत काटा, सुरी, चमचा. पत्रा दणकट आहे, ८० वर्षांनंतरही गंज नाही.

जेवायला मात्र सोय बेताचीच. उकडलेले बटाटे, बीन्स आणि डब्यातले पीच वाढून घेतले, तर दोन मिनिटांत पीचचा पाक बीन्सखाली पोचला. चुलीवर ठेवलं तर दांडी इतकी तापते की फडक्याशिवाय हात लावता येत नाही.

पण याची खरी करामत कळते ती धुताना. थाळीच्या कडेला कडी आहे आणि काट्या-चमच्यांच्या दांड्यांना भोकं. ती सगळी पातेल्याच्या लांब दांडीत ओवायची, की एका हातात पूर्ण संच लटकतो. मग खरकटं टाकायचं, गरम साबणाच्या पाण्याच्या पिंपात ब्रशने घासायचं आणि शेवटी उकळत्या स्वच्छ पाण्यात बुडवून काढायचं, बोटं न भिजवता. शेकडो जणांची रांग अशी भराभर सरकायची. साबण नीट निघाला नाही तर पोट बिघडायचं, आणि त्या हगवणीलाही शिपाई ‘जी. आय.’ (हे खरं तर अमेरिकन शिपायाचंच टोपणनाव) म्हणत! आमच्या मुलांनी तीन पातेली मांडून हे करून पाहिलं. आता भांडी धुवायला कुणी कुरकुरत नाही.

मायदेशातल्या छावणीत शिपाई रोज यात जेवत नसे. बराकीजवळ मेस हॉल असे, तिथे बटाटे सोलायला केपीची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कामाची, पाळी लागे. किट निघायचा मैदानी सरावाला, नाहीतर तपासणीच्या दिवशी, बाकीच्या सामानाबरोबर खाटेवर ओळीत मांडायला. साध्या शिपायाचा पगार १९४२ पासून महिना ५० डॉलर. घरी बायको असली तर त्यातले २२ कापून घरी जायचे. सरकारी सामान हरवलं तर भुर्दंड त्यातूनच, म्हणून जो तो आपल्या वस्तूवर खूण करून ठेवायचा.

माझ्या किटच्या तळाशी तशी खूण आहे, खिळ्याने कोरलेली. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, अशी ती पद्धत. अक्षर ‘एच’ आहे. आकडे मात्र दोनच वाचता येतात, कारण विक्रेत्याने चकाकी आणायला तळ मशीनवर घासलाय. याचं मला फार वाईट वाटलं. वस्तूला पाचपैकी चार तारे, विक्रेत्याला एक. तुम्ही घेणार असाल तर मळकट, ओरखडे पडलेलाच घ्या, आणि घरी आणून पॉलिश करू नका.